हौसाआक्कांनी पाहिलेली दोन स्थळं

“पण पेशंट बसणार कुठं?” जयसिंगनं विचारलं.

आम्ही त्याच्या नव्या गाळ्यात उभे होतो. फरशी नुकतीच बसलेली, भिंतींना रंगाचा वास, आणि आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला पेशंटांसाठी बांधून घेतलेला लांबलचक कडाप्प्याचा कट्टा. शेजारचा गाळाही जयसिंग माळवद्याचाच. तिथं तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचा. भिंतीच्या एका बाजूला मोटरींचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला माणसांचा, असा त्याचा बेत होता, आणि तो त्यानं आल्यागेल्याला इतक्या वेळा ऐकवला होता, की गावातले दोघं-तिघं म्हातारे कट्ट्यावर बसून खोकूनही गेले होते.

त्याची मुलगी हर्षदा होमिओपॅथीची डॉक्टर झाली होती. कराडच्या एका हॉस्पिटलात वर्षभर काम करून ती घरी आली आणि वास्तुशांत तोंडावर आली असताना म्हणाली, मला दवाखाना नको. अजून दोन वर्षं शिकायचंय. विषय पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. सोमवारपर्यंत एकाला हो म्हणायचं आणि दुसरं कायमचं सोडायचं.

“पेशंट असे नसतात त्यात, अण्णा,” ती वडिलांना म्हणाली. “म्हणजे असतात, पण...” आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

चौथीपर्यंत ती माझ्या हाताखाली शिकली. उत्तर अडलं की तेव्हाही ती अशीच माझ्याकडं बघायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. आताही मी तेच केलं. पण खरं सांगायचं तर या वेळी उत्तर मलाही माहीत नव्हतं. पेशंट नसलेली डॉक्टरकी कशी असते, याचं कुतूहल मला जयसिंगपेक्षा जास्त होतं.

त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायची. निवृत्त झाल्यापासून मी तिथं गल्लीतल्या पोरांना घेऊन बसतो. शिकवतो म्हणण्यापेक्षा त्यांच्या शंकांच्या मागं मागं फिरतो. नोकरीतली एकच सवय मी सोडली नव्हती. वर्ग सुरू करताना मी नावं पुकारत नसे. नुसतं विचारायचो, “आज कोण नाही?” मग पोरं आजूबाजूला बघायची, आठवायची, सांगायची, आणि एकजण पळत जाऊन न आलेल्याच्या घरी डोकावून यायचा. चौथीत असताना हे काम हर्षदानं कुणाला करू दिलं नाही. दम लागलेला असायचा, पण बातमी पुरी असायची. तिच्याकडं पाव्हणे आलेत गुरुजी, आणि शेळी व्यालीय, आणि तिची एक चप्पल सापडत नाहीय.

पोरं गेली की ती दोन संस्थांचं सांगायची. एक मुंबईची. मोठं नाव, आणि सगळा भर आकडेशास्त्रावर; रोग कुठं, किती, का, हे गणितानं शोधायचं. दुसरी विदर्भातली, लहान. तिथले विद्यार्थी अर्धा काळ खेड्यात राहतात आणि लोकांबरोबर काम करून शिकतात. एकीचं वाचलं की तिला तीच हवीशी वाटे, दुसरीचं वाचलं की ती.

“गुरुजी, तुम्ही सांगा ना,” ती म्हणायची. मी उलट तिलाच काहीतरी विचारायचो. चार दिवसांत ती मला कंटाळली.

तर त्या दिवशी गाळ्यात बापलेकीचं असं अडलेलं असताना कट्ट्यावरून आवाज आला, “मंजी स्थळं दोन आल्यात म्हणायची.”

हौसाआक्का लसूण सोलत बसल्या होत्या. जयसिंगची थोरली बहीण, हर्षदाची आत्या. वास्तुशांतीसाठी म्हणून चार दिवस आधी आलेल्या. लग्नं जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी बघून दिलेली मुलगी माघारी आली असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. फी घेत नसत, पण बस्त्याला त्यांना पहिल्यांदा बोलवावं लागे.

“आत्या, हे लग्न नाहीय,” हर्षदा म्हणाली.

“दोन वर्सं त्या घरात ऱ्हायचं, त्यांचं नाव लावून जन्मभर फिरायचं, आन् लग्न न्हाई म्हणं.” आक्कांनी सालपटं पदरात गोळा केली. “बघितल्याबिगर पोरगी द्यायची न्हाई. न् घर बघायचं तर त्या घरच्यांना इचारायचं नसतं. ते चांगलंच सांगत्यात. आधी दिलेली पोरगी हुडकायची.”

हर्षदा हसली. मग हसता हसता थांबली. त्याच संध्याकाळी तिनं फोनाफोनी केली आणि दोन माणसं सापडली. मुंबईच्या संस्थेतून शिकलेली एक बाई साताऱ्यात कामाला होती. विदर्भातल्या संस्थेतून शिकलेला एकजण पश्चिमेच्या डोंगरात एका लहान ट्रस्टचं काम करत होता. शुक्रवारी दोघांनाही भेटायचं ठरलं. जयसिंगनं ओम्नी काढली. मलाही चला म्हणाल्या आक्का. घर मी बघते, पोरीला तुम्ही ओळखता, असं त्यांचं म्हणणं.

साताऱ्यापर्यंत जयसिंग एकदाच बोलला. खिंडीत, आरशातून मागं बघत म्हणाला, “कट्टा फुकट गेला.”

साताऱ्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. केतकी प्रभुदेसाई तिशीची असेल. केस बारीक कापलेले, चष्मा डोक्यावर. बसल्या बसल्या आक्कांनी पाणी मागितलं. ही त्यांची पहिली परीक्षा. पाणी कोण आणतं, कशातून आणतं आणि येईपर्यंत यजमान काय करतो, यावरून त्या अर्धं घर ओळखत. केतकी स्वतः उठली, स्टीलच्या तांब्यातून पाणी घेऊन आली आणि आक्कांचं पिऊन होईपर्यंत बोलायची थांबली. आक्कांनी माझ्याकडं बघून पापणी किंचित हलवली.

मग त्यांनी विचारपूस सुरू केली. जेवायला वेळेवर मिळायचं का. माहेरी सोडायचे का सणाला. थोरल्यांचा जाच कितपत. हर्षदा मान खाली घालून बसली होती, पण केतकीला ते सगळं सरळच वाटलं असावं. तिनं प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. पहिलं वर्षभर रडले म्हणाली. काही कळायचंच नाही. वर्गात हुशार मुलं, आपण मागं. मग एका मैत्रिणीनं हात धरून गणित शिकवलं.

“पुन्यांदा जन्म घेतलास तर त्याच घरी जाशील?” आक्कांनी विचारलं.

केतकीनं विचार केला. “जाईन. पण गणित शिकून जाईन.”

नंतर तिनं आम्हाला कॉम्प्युटरवर नकाशा दाखवला. गावागावांत लहान मुलांना पोटाचे आजार किती, त्याप्रमाणं रंग भरलेले. जास्त असेल तिथं लाल, कमी तिथं पिवळा. जयसिंगनं आपलं गाव शोधलं. पिवळं निघालं. त्याला बरं वाटलं. मला मात्र हर्षदाचं बोट दिसलं. ते नकाशाच्या डाव्या कडेला, एका पांढऱ्या तुकड्यावर थांबलं होतं.

“इथं आजारच नाही?”

“तिथून आकडाच आला नाही,” केतकी म्हणाली. “बरेचजण पांढऱ्याला निरोगी समजतात. कधी कधी सगळ्यांत वाईट तेच असतं. आपल्याला माहीत नसतं, एवढंच.”

“मग कळणार कसं?”

केतकी खुर्ची ओढून पुढं सरकली. “न आलेल्या आकड्यांचा अंदाज बांधायची एक रीत आहे. आलेल्यांवरून न आलेले. दुसऱ्या वर्षी त्या गणितांनी मला...”

तेवढ्यात आक्का उठल्या. पहिल्या भेटीत फार बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. हर्षदा उठली, पण दारात चपला घालताना तिची एक चप्पल दुसऱ्या पायात गेली. जिना उतरताना ती दोनदा मागं वळली.

दुपारी आम्ही डोंगराला लागलो. रस्ता अरुंद होत गेला, फोनची रेंज गेली, आणि एका वळणावर हर्षदा एकदम म्हणाली, “आपण पांढऱ्यात आलो.” जयसिंगला काही कळलं नाही. त्यानं वायपर फिरवून बघितला.

भोकरवाडी म्हणजे दोन वस्त्या. वरची वाडी डोंगराच्या खांद्यावर, खालची ओढ्याच्या काठाला. शाळा मधोमध. इरफान मुजावर आम्हाला शाळेतच सापडला. मिरजेचा मुलगा, उंच, दाढी अस्ताव्यस्त. शाळेचं सगळं अंगण खडूच्या चित्रांनी भरलेलं होतं. सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत तुम्ही काय काय करता ते काढा, असं त्यानं पोरांना सांगितलं होतं.

मी सगळं विसरून त्या चित्रांतून फिरू लागलो. एकीनं घरापेक्षा म्हैस मोठी काढली होती. का, असं विचारलं तर म्हणाली, ती आधी उठती, मग आम्ही. एकानं नुसती लांब रेघ काढली होती, आणि ती शाळेला यायची पाणंद, शेतांमधली वाट होती. असल्या वर्गात मला जन्म काढायला आवडला असता. मनात म्हटलं, झालं, पोरीचं ठिकाण हेच. पण तोंड उघडलं नाही.

आक्कांनी पाणी मागितलं. इरफान जरा घुटमळला.

“देतो आत्या, पण उकळलेलं आहे. कोमटच आहे अजून. चालेल?”

“चालंल,” आक्का म्हणाल्या, आणि पुन्हा पापणी हलवली.

अंगणाच्या पायरीवर बसून तो आपली अडचण सांगू लागला. वरच्या वाडीतल्या पोरांची पोटं सारखी बिघडतात. टाकी धुतली, पाण्याला औषध घातलं, घरोघर जाऊन पाणी उकळायला सांगितलं. दोन वर्षं झाली, त्याच्याकडं औषधाला येणारी पोरं काही कमी होत नाहीत. गंमत म्हणजे खालची वाडी त्याच ओढ्याचं, तेही आणखी खालचं पाणी पिते, आणि तिथं सगळं ठणठणीत.

“त्यांच्याकडं असं काय आहे, जे वरच्यांकडं नाही, तेच या चित्रांत शोधतोय,” तो म्हणाला. “सापडत नाही. खरंच कळत नाही मला.”

हर्षदा अंगणात उकिडवी बसून चित्रं बघत होती. तिनं पोरांना खालच्या वाडीतली चित्रं कुठली ते विचारलं. पोरांनी एक कोपरा दाखवला. त्यात तीनच चित्रं होती.

“एवढीच?”

पोरांनी माना हलवल्या.

ती उभी राहिली, अंगणावरून नजर फिरवली आणि म्हणाली, “आज कोण नाही?”

चित्रांवर वाकलेलो मी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. पोरं मात्र लगेच सुरू झाली. नावं एकावर एक येऊ लागली. सविता नाही. पांडू नाही. सुमन तर सोमवारपासनं नाही. सगळी खालच्या वाडीची. का नाहीत, असं विचारल्यावर तीन-चारजण एकदम म्हणाले, पोट.

इरफान पायरीवरून उठला. “पण माझ्याकडं तिथलं कुणीच येत नाही. दोन वर्षांत एक पोर आलं नाही.”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मोठ्या म्हशीची मालकीण चित्रात शेपटी वाढवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “कसं येतील? तुमची खोली देवळाच्या आवारात हाय न्हवं?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, यावरून दोन्ही वाड्यांचं भांडण झालं होतं. मान वरच्यांना गेला, आणि खालच्यांनी देवळाचं आवार सोडलं. तेव्हापासून त्यांचं माणूस त्या आवारात पाऊल टाकत नव्हतं. इरफान नवा आला तेव्हा वरच्या वाडीनं कौतुकानं त्याला गावातली सगळ्यात कोरडी खोली दिली, देवळाशेजारची. वरचे लोक रुसवा सांगत नव्हते, खालचे लोक आजार सांगत नव्हते. आणि खालच्या वाडीत तो गेला, की आपली अडचण याच्या कानावर घालायची म्हणजे देवळाच्या पाहुण्याला सांगायची, म्हणून ते चहा देऊन सगळं बरं आहे म्हणत.

इरफानला वाईट वाटलं असेल असं मला वाटत होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. कोडं सुटायला लागलं की चौथीतल्या पोरांचे चेहरे तसे होतात.

हर्षदा तोवर पोरांच्या घोळक्याबरोबर खालच्या वाडीकडं उतरायला लागलीसुद्धा होती. आक्का तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिल्या आणि मग इरफानला त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. पुन्हा जन्म घेतलास तर त्याच घरी जाशील?

“जाईन आत्या,” तो म्हणाला. “समोर बसलेल्याचं नीट ऐकायला त्यांनी मला शिकवलं. कुठंच मिळणार नाही असं.” मग हसला. “आणि मी दोन वर्षं समोर बसलेल्यांचंच ऐकत बसलो.”

हर्षदा परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सलवार गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेली. खाली थोडीच घरं बघून झाली होती, म्हणाली. जवळजवळ प्रत्येक घरात एक पोर निजून होतं. आयांना तिनं साखर-मिठाचं पाणी करून दाखवलं होतं. एका पोराचे डोळे खोल गेलेत, त्याला आजच्या आज हलवायला हवं.

इरफाननं आत जाऊन पिशवी भरली, ट्रस्टच्या जीपवाल्याला निरोप दिला आणि खोलीची किल्ली वरच्या वाडीतल्या एका मुलाकडं दिली. “आता काही दिवस माझा मुक्काम खाली,” तो म्हणाला.

“घरं किती असतील खाली?” हर्षदानं विचारलं.

“चाळीसेक.”

“आणि अशा वाड्या?”

इरफाननं नुसता हात लांब करून समोरच्या डोंगररांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. हर्षदा त्या हाताच्या मागं मागं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. पाढे म्हणताना हलायचे तसे.

आम्ही निघालो तेव्हा तो पिशवी खांद्याला लावून ओढ्याकडं उतरत होता. तिनं त्याला हात केला, त्यानंही केला. गाडीत बसल्यावर ती मागं वळली नाही.

घाटाच्या पायथ्याशी आम्ही चहाला थांबलो. टपरीसमोरच्या बाकड्यावर आक्का, मी आणि जयसिंग. हर्षदा उभी राहून बशीतला चहा गार करत होती. आक्कांनी मला विचारलं, काय गुरुजी, कसं वाटलं?

मी सांगून टाकलं. दुसरं ठिकाण मला फार आवडलं म्हटलं. ती पोरं, ते अंगण, तो मुलगा. आणि आपली हर्षदा तिथं कशी रमली ते तुम्हीही पाहिलंत.

“तुमाला स्थळ आवडलं म्हणून पोरगी द्यायची व्हय?” आक्का म्हणाल्या. “तुमाला नांदायचंय का तिथं?”

जयसिंग चहा सांडेपर्यंत हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. मीही हसलो, पण मला तो फटका बसायचा तिथं बसला होता.

आक्का हर्षदाकडं वळल्या. “हे बघ पोरी. पाणी दोन्ही घरचं चांगलं हाय. माणसं दोन्ही घरची चांगली हायती. आता कुठलीबी पोरगी घर बघून आली की मी तिला एकच इचारती. तेवढं सांग. कुठल्या घरातनं उठताना तुझं बोलणं अर्धं ऱ्हायलं?”

हर्षदानं बशी खाली ठेवली.

मी तिच्याकडं बघत होतो. डोंगरातल्या त्या पोरांची नावं ती सांगेल, सुमनचं काय होईल म्हणेल, असं मला वाटलं. पण इरफान खाली उतरला होता. तिथलं जे करायचं ते होत होतं.

“पहिल्या,” ती म्हणाली. “केतकीताई सांगत होत्या ना, न आलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, ते अर्धंच राहिलं. आत्या, मी खाली गेले तर मला चार घरं कळली. उद्या गेले तर आणखी चार कळतील. त्यानं हात फिरवून दाखवलं ते सगळं माझं कधी चालून होणार? चालायचं तर आहेच. पण आधी कुणीकडं चालायचं ते मला कळायला पाहिजे. मला ते गणित पाहिजे.”

“रडशील वर्सभर,” आक्का म्हणाल्या.

“रडेन.”

“मग झालं.” आक्कांनी उरलेला चहा प्यायला.

जयसिंग मात्र अजून त्याच्या जागीच होता. “तेवढं सगळं ठीक आहे,” तो म्हणाला, “पण मला कुणीतरी सांगा, पेशंट बसणार कुठं?”

या वेळी हर्षदानं माझ्याकडं पाहिलं नाही. ती बाकड्यावर बापाशेजारी जाऊन बसली.

“अण्णा, तुम्ही बांधलेल्या कट्ट्यावर जे येऊन बसतील त्यांना डॉक्टर मिळेल कुणीतरी. मला जे येत नाहीत त्यांची डॉक्टर व्हायचंय. माझे पेशंट येणारच नाहीत. म्हणून तर शिकायचं.”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागून दुसरा. दोन्ही गेल्यावर जयसिंग म्हणाला, “एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या चार मोटरी एका आठवड्यात जळून आल्या, तर मी मोटरी उघडायच्या आधी डीपी बघायला लावतो.”

“हां,” हर्षदा म्हणाली. “तेच.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” तो उठला आणि चहाचे पैसे द्यायला गेला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते, पण टपरीत धूर फार होता.

सोमवारी तिनं मुंबईला हो कळवलं. त्याच आठवड्यात गाळ्याची वास्तुशांत झाली, ठरल्याप्रमाणं. प्रसादाचा शिरा खाताना जयसिंग मला म्हणाला, गुरुजी, पडवीत तुमची पोरं मावत नाहीत. कट्टा आहेच, वापरा. तेव्हापासून माझा वर्ग तिथं भरतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हर्षदा पहिलं वर्ष रडली, दुसऱ्या वर्षी रडायची थांबली. नंतर तिनं याच जिल्ह्यात काम घेतलं. आधी नकाशासमोर बसते, मग पायात बूट घालते. इरफान तिच्याबरोबर आहे. म्हणजे कामात. आक्कांनी त्याबाबतीत एकदा पापणी हलवून पाहिली होती, पण त्याची बायको मिरजेहून आली आणि तीही आक्कांना आवडली.

गेल्या दिवाळीत हर्षदा घरी आली होती. संध्याकाळी वर्गात येऊन पोरांमध्ये कट्ट्यावर बसली. मी विचारलं, आज कोण नाही, आणि पोरांनी सांगितलं, आणि एकजण पळाला. हौसाआक्का आता फार चालत नाहीत, पण इथं असल्या की वर्गाला येतात. लसूण घेऊनच येतात.

हर्षदानं मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि आत्याला नकाशा दाखवला. भोकरवाडीच्या बाजूचा तो पांढरा तुकडा आता पांढरा नव्हता. आधी लाल झाला होता, मग नारंगी. सध्या पिवळा होता. पोरं भोवती गोळा झाली. आक्कांनी चष्मा चढवला आणि नकाशावर खूप वेळ बघत बसल्या. मग लसणाचा वास लागलेलं बोट उचलून त्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा ठिपक्यावर ठेवलं.

“आन् हे?”

“ते राहिलंय अजून, आत्या. पांढरंच आहे.”

आक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

“मग हितं काय बसलीस?”